तेरा नंबरचा पाना आणि पुठ्ठ्याचं विमान

माझी नात शाळेत जात नाही. बुडवते असं नाही, घरीच शिकते. तिसरं वर्ष चालू आहे. भाषा, इतिहास आणि बरंचसं गणित सूनबाई बघते, दुपारी तीननंतर पोरगी माझ्या ताब्यात. मी साताऱ्यात चाळीस वर्षं डिझेल गाड्यांचं गॅरेज चालवलं, त्यामुळे माझ्याकडून काय शिकायला मिळणार हे तिला आधीच ठाऊक होतं. नऊ वर्षांची असताना एकदा म्हणाली, "आबा, मला विमान दुरुस्त करायचंय." उडवायचंय म्हणाली नाही, हे मी तेव्हाच हेरलं.

आता ती अकराची आहे. ओळखीतले दोघंतिघं विचारून गेले की आमच्याही पोराला विमानांचं वेड आहे, घरी काय करून घ्यायचं? प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढतो.

पहिली गोष्ट, ऑनलाइन मिळणारा तयार किट आणू नका. निदान पहिलं वर्षभर तरी नाही. किट दोन तासांत जुळतो, तिसऱ्या तासाला झाडावर अडकतो आणि चौथ्या तासाला पोरगं मोबाइल मागतं.

हत्यारांचा फळा

आम्ही सुरुवात प्लायवूडच्या फळीपासून केली. दोन फूट बाय तीन फूट, गॅरेजमधलीच पडलेली. तिच्यावर खिळे ठोकून हत्यारं टांगली आणि प्रत्येक हत्याराभोवती मार्करनं त्याची आकृती काढली. पक्कड, नोज प्लायर, चपटा आणि फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, आठ, दहा आणि तेराचा पाना, स्टीलची फूटपट्टी, व्हर्निअर (मिलिमीटरचे बारीक अंश मोजायचं हत्यार), हॅकसॉ, दोन छोटे क्लॅम्प. हत्यार जागेवर नसेल तर नुसती रिकामी आकृती दिसते, लांबूनसुद्धा. काम सुरू करायच्या आधी मोजायचं, संपल्यावर मोजायचं. एक जरी कमी असलं तरी ते सापडेपर्यंत चहा नाही, घरात जाणं नाही. विमानांच्या हँगरमध्ये हेच करतात. तिथं पाना राहिला तर तो कुठल्या तरी कंट्रोलच्या तारेत अडकतो आणि मग वर आकाशात तो काढायला कोणी जाऊ शकत नाही.

हा नियम मी पुस्तकातून उचललेला नाही. गॅरेज नवं होतं तेव्हाची गोष्ट. एका ट्रकचं काम आटोपून मी बॉनेट लावलं आणि गाडी सोडली. तेराचा रिंग पाना रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर तसाच राहिला होता. खंबाटकीच्या चढाला गाडी हलली, पाना पंख्यात पडला, पंख्यानं तो रेडिएटरमध्ये घातला. माल कांद्याचा होता. ड्रायव्हरनं मला जे ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही, पण नातीला थोडं गाळून सांगितलंय. तेव्हापासून फळ्यावर तेराची जागा ती आधी बघते.

कटर मात्र फळ्यावर नाही. तो माझ्या खिशात असतो. दहा वर्षांच्या आतल्या पोराच्या हातात कटर देऊ नये, आणि दिला तर स्टीलच्या फूटपट्टीशिवाय देऊ नये; प्लॅस्टिकच्या पट्टीवर पातं चढतं आणि थेट बोटावर येतं.

फळ्याच्या जोडीला एक फुलस्केप वही. तारीख, काय केलं, काय झालं आणि शेवटी दोन सह्या: एक करणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. विमानाच्या दुरुस्तीत काम झालं असं तोंडी कोणी मानत नाही, परवानाधारक माणसाची सही लागते. आमच्याकडे तिच्या कामावर मी सही करतो आणि माझ्या कामावर ती. पहिल्याच महिन्यात तिनं माझी सही अडवली. मी शेपटीचा उभा तुकडा चिकटवला होता तो दोन अंश तिरका, आणि मला चष्म्याशिवाय तो सरळ दिसत होता. "आबा, परत काढा," म्हणाली. काढला.

बोल्टांचा डबा

हा प्रयोग फुकटात होतो आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा आहे. कुठल्याही गॅरेजवाल्याकडून मिसळ नट-बोल्टांचा डबा मागून आणा, तो हसत देईल. त्यात सहा मिलिमीटरचे बोल्ट आणि पाव इंची, म्हणजे आपले दोन सुती (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) बोल्ट, एकत्र असतातच. डोळ्यांना दोन्ही सारखे. मुलाला सांगा, नजरेनं वेगळे कर. मग व्हर्निअर द्या. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, फरक जेमतेम साडेतीन दशांश मिलिमीटरचा. आमच्या नातीनं नजरेनं केलेल्या ढिगात चाळीसपैकी अकरा चुकले. तिचं तोंड पडलं, तेव्हा मी तिला १९९० सालची हकिगत सांगितली.

त्या वर्षी जूनमध्ये ब्रिटनमधून निघालेल्या एका प्रवासी विमानाची कॉकपिटची काच १७,००० फुटांच्या वर उडून गेली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकानं विमान उतरवलं, आणि कॅप्टन वाचला. काच उड्डाणाच्या २७ तास आधीच बदलली होती. तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट ०.६६ मिलिमीटरनं बारीक निघाले. जुना बोल्ट हातात धरून त्याच्यासारखाच दिसणारा नवा उचलला होता. पुस्तकातला नंबर काढून बघितला नव्हता.

हे ऐकल्यावर तिनं ते अकरा बोल्ट पुन्हा मोजले. मी सांगितलं नव्हतं. त्याच दिवशी आट्यांचाही धडा झाला: सहाच्या बोल्टाला पाव इंची नट दोनेक आटे सैलसर जातो, पण पकड घेत नाही. हाताला ते लगेच कळतं. चित्रावरून कळत नाही.

ग्लायडर

आता उडवायचं, इंजिनाशिवाय हवेवर तरंगणारं विमान. लागतं काय? जाड कार्डशीट, बांबूच्या कामट्या, फेव्हिकॉल, दोऱ्याचं रीळ आणि नाकाला लावायला मुलांची चिकणमाती. कामट्या बुरडाकडून घ्या, आकाशकंदिलाला वापरतात त्याच. दुकानात मिळणाऱ्या कबाबाच्या काड्या आखूड आणि ठिसूळ असतात.

मापं अशी घ्या. पंख ४० सेंटिमीटर लांब, ८ रुंद. कामटीचं धड ३६ सेंटिमीटर. पंखाची पुढची कड नाकापासून साधारण ८ सेंटिमीटरवर. मागं आडवी शेपटी १४ बाय ५, उभी शेपटी ७ बाय ६. पंखाच्या पुढच्या कडेखाली एक बारीक तासलेली कामटी चिकटवा, नाहीतर तो मधे लवतो. चिकटवण्याआधी कार्डशीट टेबलाच्या कडेवरून हलक्या हातानं ओढा म्हणजे पाठीला किंचित बाक येतो. पंखाची दोन्ही टोकं मधल्या भागापेक्षा तीन सेंटिमीटर वर उचललेली हवीत. समोरून बघितलं तर खूप पसरट इंग्रजी व्ही दिसला पाहिजे. विमान एका बाजूला कलंडलं तर हा व्हीच त्याला सरळ करतो.

मग तोल. दोन्ही हातांची तर्जनी पंखाखाली ठेवून विमान उचला. पुढच्या कडेपासून दोन ते अडीच सेंटिमीटरवर ते आडवं तरंगलं पाहिजे. मागं झुकलं तर नाकाला माती. इथं पोरं घाई करतात आणि नंतर रडतात. पंख कितीही सुबक असो, तोल मागं गेला की विमान उडत नाही. ट्रकच्या मागच्या भागात जास्त माल भरला की पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग लागत नाही, तसंच हे.

फेकायची वेळ सकाळची, वारा सुटायच्या आत. मैदान गवताचं. गच्चीवरून फेकू नका. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवर अजून एक विमान पडलेलं आहे. आणि खरं तर फेकायचं नाहीच, खांद्याच्या उंचीवरून समोर आणि किंचित खाली सोडायचं, कोणाच्या हातात वस्तू द्यावी तसं. क्रिकेटच्या बॉलसारखं फेकलं की ते वर जातं आणि धाडकन पडतं, मग पोरगं म्हणतं विमान खराब आहे.

नाक वर करून थबकलं आणि पडलं, तर माती वाढवा. सरळ जमिनीत घुसलं तर माती कमी करा, किंवा आडव्या शेपटीची मागची कड केसभर वर वळवा. एकाच बाजूला वळत असेल तर शेपटीला हात लावू नका, आधी पंख समोरून डोळ्याच्या रेषेत धरून बघा, दहातल्या नऊ वेळा तिथंच पीळ असतो. एका वेळी एकच बदल करायचा आणि वहीत लिहायचा. आमचं पहिलं विमान नऊ पावलं गेलं. सतराव्या नोंदीला ते एकतीस पावलं गेलं, आणि त्या सतरा नोंदींत चार वेळा "काहीही बदल नाही, वारा होता" असं लिहिलेलं आहे. ती ओळ मला सगळ्यात आवडते.

दुसरं विमान थर्माकोलचं करायला घेतलं. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८पासून बंदी आहे, तेव्हा टीव्हीच्या खोक्यातला आणला. घाईत मी पंखाला फेव्हिक्विक लावलं. ते थर्माकोल खातं हे मला ठाऊक नव्हतं. डोळ्यांदेखत पंखाला खड्डा पडला. थर्माकोलला साधा पांढरा फेव्हिकॉलच वापरायचा आणि रात्रभर दाबून ठेवायचा. वहीत ती चूक माझ्या नावावर आहे, खाली तिची सही.

वाऱ्याचा बोगदा

हा भाग सविस्तर सांगतो, कारण याच्यामुळे आमच्या घरात विज्ञान पुस्तकातून बाहेर आलं.

राइट बंधूंची डेटनला सायकलची दुकानदारी होती. त्यांची आधीची ग्लायडरं हिशेबाप्रमाणे उचलेनात, तेव्हा त्यांनी १९०१ साली सहा फूट लांब लाकडी खोकं, म्हणजेच वाऱ्याचा बोगदा, केलं, एका टोकाला पंखा लावला आणि आत पंखांचे छोटे नमुने टांगून तपासले, सुमारे २०० आकार. मोजण्याची यंत्रणा त्यांनी हॅकसॉच्या पात्यांपासून आणि सायकलच्या स्पोकपासून बनवली होती. १७ डिसेंबर १९०३ला त्यांचं विमान १२ सेकंद, १२० फूट उडालं, त्याच्या मागं हे खोकं होतं. हॅकसॉ आणि स्पोक! नातीनं फळ्याकडे बघितलं आणि म्हणाली, मग आपल्याकडे काय कमी आहे?

आम्ही वॉशिंग मशिनचं खोकं घेतलं, दोन्ही तोंडं उघडी केली. समोर उभा पंखा. पंख्याची हवा गरगरत येते, ती सरळ करायला तोंडाशी वर्तमानपत्राच्या सुरळ्या रचल्या, प्रत्येक बोटाएवढ्या जाडीची, वीतभर लांब, दीडशेच्या आसपास. हे काम कंटाळवाणं आहे, पाहुणे आले की त्यांना लावावं. खोक्याच्या तळाला एक भोक, त्याखाली स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. काट्यावर जड लाकडी ठोकळा, ठोकळ्यात उभे दोन स्पोक, स्पोक भोकातून वर आणि त्यांच्या टोकाला ३० बाय १० सेंटिमीटरचा पंख. काटा खोक्याबाहेर ठेवायचा, नाहीतर वारा त्याच्या ताटलीवरच बसतो आणि आकडे वेडेवाकडे येतात. स्पोक भोकाच्या कडेला घासता कामा नयेत. आमचे दोन दिवस त्यातच गेले. आधी पंख काढून नुसत्या स्पोकचा आकडा घ्या, मग पंख लावा आणि काटा शून्यावर आणा. पंखा चालू केला की काटा उणे दाखवतो. जितकं उणे, तितकी उचल.

कंपासपेटीतल्या कोनमापकानं पंखाचा कोन बदलत गेलो. पाच अंशाला चौदा ग्रॅम, दहाला एकवीस. पंधराला ती म्हणाली तीस येणार. आले एकोणीस. वीसला सतरा. तिनं काट्याला टपली मारली, सेल बदलले, पुन्हा मोजलं, तेच. तेव्हा पंखावर लोकरीचे छोटे धागे चिकटवले. दहा अंशाला धागे पाठीला चिकटून मागं वाहत होते, वीसला ते उभे राहून थरथरायला लागले, काही तर उलटे पुढं वळले. हवा पाठ सोडून गेली होती. याला स्टॉल म्हणतात, आणि मैदानात नाक वर करून पडणारं तिचं विमान हेच करत होतं. तो शब्द मी तिला नंतर सांगितला, धागे आधी दाखवले.

आणखी एक गंमत. पुस्तकातल्या चित्रासारखा जाड, थेंबाच्या आकाराचा पंख तिनं मोठ्या कष्टानं थर्माकोलचा तासला. त्याची उचल साध्या वाकवलेल्या कार्डशीटपेक्षा कमी आली. ती रुसली. पण यात चूक काही नव्हती: एवढ्या छोट्या पंखाला, एवढ्या मंद वाऱ्यात पातळ आणि वाकडा पत्राच सरस ठरतो. जाड पंख मोठ्या आणि वेगवान विमानाला शोभतो. चिमणीचा पंख हातात घेऊन बघा.

मुलांना पंखाची उचल समजावताना एक गोष्ट टाळा. वरची हवा लांबच्या वाटेनं जाते, खालच्या हवेला मागच्या कडेला एकाच वेळी भेटायचं म्हणून ती वेगानं पळते, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. असं काही ठरलेलं नसतं. वरची हवा खालच्या हवेच्या आधीच पोचते. सोपं सांगायचं तर पंख हवेला खाली वळवतो आणि हवा पंखाला वर ढकलते. वरून जाणारी हवाही पंखाच्या बाकाला धरून खाली वळते, म्हणून पाठीचा बाक महत्त्वाचा.

चाळकेवाडीची सहल, आणि हिशेब

साताऱ्यात राहून चाळकेवाडीला मुलाला नेलं नाही तर नवलच. ठोसेघरच्या पुढं पठारावर त्या पवनचक्क्या उभ्या आहेत, त्यांचं प्रत्येक पातं म्हणजे एक पंखच आहे. रस्त्यावरूनच बघायच्या, आवारात शिरायचं नाही. मुलाला एवढंच विचारा: पातं बुंध्याशी आणि टोकाशी एकाच कोनात आहे का? नाही, पिळलेलं आहे. टोक एका फेरीत बुंध्यापेक्षा कितीतरी लांब धावतं, म्हणून त्याला वारा वेगळ्या कोनातून लागतो. हे तिथं उभं राहून कळलं की विमानाच्या प्रोपेलरला पीळ का असतो, ते पुन्हा सांगावं लागत नाही. जाताना स्वेटर घ्या.

मुंबईला गेलात तर वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मरुत विमान बघा. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं, १९६१ साली पहिल्यांदा उडालेलं. बॉडी झकास, पण तिच्या तोडीचं इंजिन शेवटपर्यंत मिळालं नाही. मला ते बघून आमच्या गॅरेजातल्या दोनचार गाड्या आठवल्या.

गणितासाठी १९८३ची कॅनडातली घटना घ्या. एका बोइंग ७६७ला २२,३०० किलो इंधन हवं होतं, भरलं गेलं २२,३०० पौंड. लिटरचं वजनात रूपांतर करताना किलोऐवजी पौंडाचा आकडा धरला. मुलाला विचारा, किती कमी पडलं? निम्म्याहून जास्त. विमान वाटेत इंजिनं बंद पडून ग्लायडर झालं आणि वैमानिकांनी ते एका जुन्या धावपट्टीवर सुखरूप उतरवलं. एकक न लिहिता नुसता आकडा लिहिलेला गृहपाठ तेव्हापासून आमच्याकडे चूक धरला जातो, उत्तर बरोबर असलं तरी.

नातेवाइकांचे फॉरवर्ड

विमानाचं नाव काढलं की कोणी तरी शिवकर तळपदे यांच्याबद्दलचा मेसेज पाठवतंच: १८९५ला मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं वगैरे. मी नातीला वाद घालू दिला नाही, तपासायला लावलं. त्या उड्डाणाचा खात्रीचा पुरावा सापडत नाही. ज्या ग्रंथाचा आधार देतात त्यातली विमानं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९७४ साली तपासली आणि ती उडू शकत नाहीत असा निष्कर्ष काढला. अभिमानच बाळगायचा तर कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांचा बाळगावा. ते विमान २०१६ला मुंबईत प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, आणि उडवायच्या परवानगीसाठी त्यांना पुढंही वर्षानुवर्षं झगडावं लागलं. गच्चीपर्यंत सामान कसं नेलं असेल, यावर आम्ही एक अख्खी दुपार घालवली.

कागदपत्रं

थोडक्यात. घरी शिकणाऱ्या मुलाला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर दहावी देता येते, पुढं बारावीही. विमान दुरुस्तीचा कोर्स असो की एरोस्पेसची डिग्री, बारावीला भौतिक, रसायन आणि गणित बहुतेक ठिकाणी लागतं. ते विषय सोडू नका. दुरुस्तीची संस्था डीजीसीएची, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मान्यता असलेलीच निवडा आणि मान्यतेची यादी डीजीसीएकडूनच बघा, जाहिरातीतून नाही. पुढं ड्रोन हवासा वाटला तर २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचा परवाना लागत नाही, पण जागा उडवायला मोकळी आहे का, ते ड्रोनसाठीच्या सरकारी नकाशावर आधी तपासा.

पावसाळा

साताऱ्यात जूननंतर मैदान विसरा. ते चार महिने बोल्ट, बोगदा आणि वही. पण एक काळजी घ्या: कार्डशीट ओल धरतं. पंख सुटे करून दोन काचांच्या मधे वजनाखाली ठेवा, भिंतीला टेकवून ठेवले की पिळतातच. ठेवताना वजन करून वहीत लिहा. आमचा पंख मेमध्ये नऊ ग्रॅम होता, सप्टेंबरात दहा भरला, आणि तोल काढल्यावर नाकाची माती पुन्हा करावी लागली.